दवाखान्यात शिकलेली स्पॅनिश

लोक परकी भाषा शिकतात तेव्हा 'माझं नाव अमुक, मी तमुक गावात राहतो' इथून सुरुवात करतात. माझी स्पॅनिशमधली पहिली वाक्यं होती 'बसा', 'थांबा', 'तोंड उघडा' आणि 'ढकलू नका'. तीसुद्धा सगळी घोळक्याला उद्देशून. एकट्या माणसाशी त्या भाषेत कसं बोलायचं, हे मला कितीतरी उशिरा कळलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात मी ऑफिसात कामाला होते. गुऱ्हाळाला लागणारे उसाचे चरक आमच्याकडे बनायचे. वडील त्याच भागातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. घर उचगावात, त्यामुळे सकाळी आम्ही बापलेक एकाच वाटेनं सायकली हाणत जायचो. देशाची दारं उघडली, असं तेव्हा पेपरात सारखं छापून यायचं आणि आमच्या मालकांनी ते फारच मनावर घेतलं होतं. त्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका उसाच्या मुलखात चरक विकायचं ठरवलं आणि खरोखर विकलेही. मग तिकडून फॅक्स आला, की आमचे फिटर तुमच्याकडे येऊन जोडणी शिकून जातील. मालकांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "त्यास्नी इंग्लिश येत न्हाय. तुम्ही स्पॅनिश शिका." चहा सांगा म्हणावं तसं. शिकलात तर नोकरी पक्की, असंही जाता जाता म्हणाले. नाही शिकले तर काय, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुण्याहून एक पुस्तक मागवलं. त्यात पहिल्या पानावर एक मनुष्य हॉटेलात खोली मागत होता आणि दहाव्या पानावरही मागतच होता. माझी चिडचिड बघून आमच्या टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, "आमच्या गगनबावड्याच्या अंगाला एक गोरी सिस्टरबाय हाय. दवाखाना चालवती. स्पेनची हाय म्हणत्यात. इचारून बगा की."

म्हणून एका रविवारी रंकाळा स्टँडवरून एसटी धरली. पावसाळ्यात त्या बाजूला जाणं म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत भिजायची तयारी ठेवूनच जाणं. फाट्यावर उतरून चिखल तुडवत गेले तर एक कौलारू इमारत, ओसरीच्या भिंतीला ओळीनं टेकवून ठेवलेली, पावसात डोक्यावर घ्यायची इरली आणि ओसरीभर माणसं. मी दारातून आत डोकावले. आतून आवाज आला, "ओ पावणं! ओळीत बसा की. हितं काय तमाशा लागलाय?"

आवाज खणखणीत कोल्हापुरी. मी मान वर करून बघितलं तर पांढऱ्या साडीतली एक उंच, गोरी, सुरकुतलेली बाई एका म्हातारीच्या पायाच्या बोटांना जांभळं औषध फासत होती. भातरोपं लावून लावून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, सगळ्या ओसरीचा तोच आजार. मी निमूट ओळीत बसले. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी विचारलं, "काय हुतंय?" मी म्हणाले, "मला स्पॅनिश शिकायचंय." त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

मी माझी सगळी कर्मकहाणी सांगितली. त्या माझ्या जन्माच्या आधीच इकडे आलेल्या. कोल्हापूरकडच्या बायकांसारखं 'मी आलो, मी गेलो' असं बोलायच्या आणि स्वतःची भाषा बोलायला त्यांना वर्षानुवर्षं कुणी मिळालेलं नव्हतं. बरोबरच्या सिस्टर केरळच्या, त्यांच्याशी इंग्रजी. बाकी सगळं जग मराठी. म्हणाल्या, "माझ्याकडं पुस्तक न्हाय आन वेळ बी न्हाय. मी बोलतो ते ऐकायचं. त्या कोपऱ्यात बस."

शिकवणी अशी. त्या ओसरीवरच्या घोळक्यावर मराठीत ओरडायच्या आणि लगेच माझ्याकडे मान वळवून तेच स्पॅनिशमध्ये ओरडायच्या. "बसा! सेंताओस!" मी कोपऱ्यातून ओरडायचं, "सेंताओस!" "थांबा! एस्पेराद!" "एस्पेराद!" पोरांच्या रांगेपुढं उभ्या राहून "तोंड उघडा! आब्रिद ला बोका!" म्हणाल्या, की पोरांबरोबर माझंही तोंड उघडायचं. ओसरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा मी हळू आवाजात म्हटलं तर सिस्टरबाई डाफरल्या, "आजारी हाईस का? आजारी आसशील तर ओळीत जा. शिकायचं आसंल तर ओरड."

घरी वडिलांनी विचारलं, "दवाखान्यात जाऊन भाषा शिकतीस व्हय? मग बँकेत जाऊन पोहायला शीक." गल्लीत कुणीतरी कुजबुजलंही, की पोरगी दर रविवारी मिशनच्या बाईकडे जातेय, बघा, धर्म बदलायचा डाव असेल. वडील त्यावर मोठ्यांदा हसले. "आमी एकदा बदललाय, छप्पन साली," ते म्हणाले, "आता परत न्हाय बदलत. एकदा केल्यालं झक्कास झालंय." सिस्टरबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्याही इतक्या हसल्या, की हातातली सुई खाली ठेवावी लागली.

कधीकधी त्यांना शब्दच आठवायचा नाही. "ढकलू नका" म्हणायचं असायचं आणि त्या मधेच थबकायच्या. कपाळावर आठ्या, ओठ पुटपुटताहेत. पुढची बाई हात पुढे करून तशीच बसलेली. शब्द सापडला नाही की त्या मराठीतच चार शिव्या हासडायच्या, आणि पुढच्या रविवारी मी फाटकाशी पोचायच्या आत ओसरीवरून हाक यायची, "नो एम्पुखेइस! घावला गं, घावला! नो एम्पुखेइस!" हरवलेली शेळी सापडावी तसा आनंद. एकदा मी विचारलं, की शब्द आठवतो म्हणजे नेमकं काय होतं? त्या म्हणाल्या, "आमची आई ओरडती. घर भरून भावंडं आमी. तिनं आमाला एकेकाला कधी हाक मारलीच न्हाय. जेवायला या, हात धुवा, भांडू नका, सगळ्यास्नी एकदम. मी डोळं झाकतो आन ती काय ओरडती ते ऐकतो." म्हणजे मी जी भाषा शिकत होते, ती स्पेनमधल्या कुठल्याशा खेड्यातल्या एका वैतागलेल्या बाईची भाषा होती. मला ते फार आवडलं.

व्याकरणाचं नाव त्या काढत नसत. पण एक गोष्ट मला छळत होती. 'ढकला' आणि 'ढकलू नका' यांत क्रियापद वेगवेगळं का? 'नको' म्हटलं की ते रूप का पालटतं? आणि पुढं लक्षात आलं, की लोक घरी निघताना त्या म्हणायच्या, "बरं व्हा. के ओस मेखोरेइस." तिथंही तेच पालटलेलं रूप. मी विचारलं तेव्हा त्या एका पोराच्या कानात औषध घालत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "बरं व्हा म्हटलं म्हणून कोण बरं हुतंय का? ते आपल्या हातात न्हाय. आपण इच्छा धरायची. जे हातात न्हाय त्याला येगळं रूप."

"आणि ढकलू नका?"

त्यांनी ओसरीकडे बोट दाखवलं. चिखल्यांवाली म्हातारी, जी दर रविवारी सगळ्यांच्या मागून येऊन सगळ्यांच्या पुढं घुसायची, ती तेव्हाही कोपरानं वाट काढत होती. "ते तरी हातात हाय व्हय?" सिस्टरबाई म्हणाल्या. पुढं मी परीक्षा दिल्या, जाडजूड पुस्तकं वाचली, पण या रूपाची याहून बरी फोड मला अजून मिळालेली नाही.

फिटर आले तेव्हा माझी फजिती झाली ती वेगळीच. मी शेडमध्ये उभी राहून सिस्टरबाईंच्या आवाजात हुकूम सोडला, "बेनिद! मिराद! नो तोकेइस!" म्हणजे या, बघा, हात लावू नका.  चौघांतल्या एकानं टोपी काढली आणि दुसऱ्यानं छातीवर क्रूसाची खूण केली, आणि चौघं हसत सुटले. त्यातल्या वयस्क फिटरनं मला हळुवार समजावलं, की ताई, तुमचं काही चुकलं नाही, पण आमच्या देशात अशी भाषा फक्त चर्चमध्ये ऐकू येते, फादर पोथी वाचतात तेव्हा. आम्ही 'बेंगान' म्हणतो, 'मिरेन' म्हणतो. म्हणजे कीर्तनकाराच्या बोलीत मी त्यांना चरकाला हात लावू नका सांगत होते! वडिलांना हे सांगितलं तर त्यांनी आठवडाभर मला जेवायला हाक मारताना "यावे, भोजनास बसावे" असंच म्हटलं.

मी तोंड वाकडं करून सिस्टरबाईंकडे तक्रार नेली. त्या म्हणाल्या, "बेंगान? तसं आमी बिशपशी बोलायचो. चार मोठी माणसं आली की." मग माझ्याच ध्यानात आलं, की हे तर इच्छेचंच रूप. मी तसं म्हटल्यावर त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. "मोठ्या माणसाला हुकूम कसा करणार? त्यानं यावं म्हणून इच्छा धरायची. आला तर आला." आणि लगेच ओसरीवर ओरडल्या, "ए, चप्पल बाहेर!"

फिटर शिकून गेले. चरक गेले. माझी नोकरी पक्की झाली आणि पगारही वाढला. आता रविवारी एवढ्या लांब जायचं मला काही कारण नव्हतं. तरी मी जात राहिले. का, ते सरळच सांगते. मला त्या बाईचं विलक्षण कौतुक वाटायचं. आपला मुलूख, आपली माणसं, जिभेवरची भाषासुद्धा सोडून ही बाई कुठल्या पावसात येऊन लोकांच्या बोटांच्या बेचक्या पुसत बसली, आणि त्याचं तिला काडीचंही अप्रूप नव्हतं. माझ्या ओळखीत सेवा करणारे बरेच आहेत. सेवा करताना चेहऱ्यावर सेवा दिसू न देणारी तेवढी एकच बघितली. लोकांवर त्या चिडायच्या, ओरडायच्या, एकदा तर दारू पिऊन आलेल्या एकाला त्यांनी औषधाच्या ट्रेनं हाणलं होतं. पण कुणाची कीव केल्याचं मला आठवत नाही.

दोन हजार साल उलटून गेलं. एका रविवारी मी पोचले तर ओसरीवर नेहमीची गर्दी, पण आवाज नाही. सिस्टरबाई मुकाट्यानं काम करत होत्या. सगळे गेल्यावर म्हणाल्या, "मला माघारी बोलावलंय. वय झालं म्हणत्यात. तिकडं म्हाताऱ्या सिस्टरांसाठी घर हाय. न्यायला दोघीजणी येणार हाईत."

"मग तुम्ही नाही म्हणा की."

"आमच्यात न्हाय म्हणायचं नसतंय," त्या म्हणाल्या. "शपथ घेतल्याली असतीया. सांगितलं की जायाचं." जन्मभर हुकूम सोडत आलेली बाई एका हुकमापुढं मान खाली घालून बसली होती. मला त्या न बघितलेल्या दोघींचा भयंकर राग आला. मग सिस्टरबाई म्हणाल्या, "गावातल्या बायका त्यास्नी भेटनार म्हणत्यात. मधी बोलायला तू ये. माझ्याच खटल्यात मी वकील कशी हुनार?"

त्या दोघी आल्या त्या दिवशी मी पोचले तेव्हा मला वाटलं होतं, बायका ठिय्या मांडून बसल्या असतील, घोषणा, रडारड. बघते तर ओसरी शेणानं सारवलेली, दारात रांगोळी, चुलीवर गुळवणी उकळतेय आणि पोळ्यांची चळत. स्पेनहून आलेल्या त्या दोन मदर खुर्च्यांवर अवघडून बसलेल्या. पुढं पाटावर ओटीचं सामान, खण, नारळ, तांदूळ. मी चिखल्यांवाल्या म्हातारीला बाजूला घेऊन विचारलं, "आजी, हे काय चाललंय?"

"काय म्हंजे? मुराळी आल्यात की माहेरचं. त्यास्नी उपाशी धाडायचं व्हय?"

मला आधी हसू आलं, मग कळलं की हसण्यासारखं यात काही नाही. गावानं आपल्या परीनं या सगळ्याचा अर्थ लावला होता. सिस्टरबाईंच्या बोटात अंगठी होती, म्हणजे लग्न झालेलं. नवरा कुणी कधी बघितला नाही, म्हणजे लग्न दवाखान्याशीच झालेलं असणार. दवाखाना आमच्या गावात, म्हणजे सासर हे. आणि इतक्या वर्षांत माहेराहून न्यायला एक मुराळी फिरकला नव्हता, ते आत्ता आले होते. मुराळी आले की त्यांना गोडधोड घालायचं, ओटी भरायची, लेक चार दिवस माहेराला पाठवायची. चार दिवस. बोलावलंय ते कायमचं, हे आमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरनं, सिस्टरबाईंनी, सगळ्यांनी सांगून झालं होतं. कुणाच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. माहेरचं माणूस बाईला कायमची कशाला नेईल?

कुणीतरी शंका काढली, की या दोघींच्या कपाळाला कुंकू नाही, ओटी भरावी का? म्हातारी म्हणाली, "देवाच्या बायका हाईत त्या. भरा की." आमच्या घरात ओटी, खण हे सगळं आजोबांच्या वेळेलाच सुटलं होतं. मी आयुष्यात कुणाची ओटी भरलेली नाही. आणि आता ओंजळीतले तांदूळ बघत मी त्या दोन मदरांना हे काय आहे ते स्पॅनिशमध्ये सांगू बघत होते. पुस्तकातला हॉटेलात खोली मागणारा मनुष्य कामाला येण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, यांना वाटतं तुम्ही हिच्या आईच्या घरून आला आहात. थोरली मदर म्हणाली, खरंच आहे ते.

मग म्हातारी पुढं झाली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सांग त्यास्नी. न्या म्हणावं. आन आणून सोडा."

सभ्यपणे कसं बोलायचं ते मला तोवर चांगलं येत होतं. 'आपण कृपा करून' म्हणता आलं असतं. पण म्हातारीनं कृपा मागितलेली नव्हती. मी सिस्टरबाईंच्या आवाजात, जसं कोपऱ्यात बसून शिकले होते तसंच म्हटलं, "येबादला. इ त्राएदला." न्या तिला. आणि आणा तिला. धाकटी मदर दचकली. थोरलीच्या तोंडाचा कोपरा किंचित हलला.

ती म्हणाली, ही आता थकली आहे. उद्या अंथरुणाला खिळली तर इथं हिचं कोण बघणार? प्रश्न रास्त होता. माझ्याही मनात तो होता. मी तो बायकांना मराठीत सांगितला, आणि ओसरीवर एकदम कालवा झाला. मला वाटलं होतं कुणी पुढं येईल, मी बघते म्हणेल. तसं कुणीही म्हणालं नाही. सगळ्या संतापल्या होत्या, असा प्रश्न विचारलाच कसा म्हणून.  "आजारी पडल्याली बाई माहेराला धाडून देनारं गाव न्हाय हे!" म्हातारी ओरडली. "तसली सासरं येगळी. आमची आब्रू काडाय आल्यात व्हय ह्या? जेवू घातलं त्येची ही परतफेड?"

मी शब्दन् शब्द सांगितला. आब्रूला शब्द सापडेना तेव्हा 'लाज' म्हटलं. आजाऱ्याला माहेरी पाठवणं ही यांच्यात सासरची लाज असते.  थोरल्या मदरनं मान वळवली आणि दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरबाईंना विचारलं, तुझी स्वतःची काय इच्छा आहे?

त्या प्रश्नानं सिस्टरबाई पार गांगरून गेल्या. त्यांना असं कधी कुणी विचारलं नसावं.  मग मदरकडे नाही, माझ्याकडे बघून त्या मराठीत म्हणाल्या, "मला हितंच मरायचं हाय. सांग की त्यास्नी."

त्यांची भाषा, त्यांचीच मदर, आणि सांगायचं मी. मला 'मरणे' हे क्रियापद येत होतं. ते रडत रडतच सांगितलं. थोरली मदर उठली. पाटावरचा नारळ तिनं दोन्ही हातांनी उचलून घेतला आणि म्हणाली, भाऊबहिणींना भेटून येऊ दे. मग पाठवते.

ओसरीवर आनंद वगैरे कुणाला झाला नाही. ते तर ठरलेलंच होतं, असा सगळ्यांचा भाव. "पोळ्या गार हुत्यात," म्हातारी म्हणाली. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, जेवा कसं म्हणायचं गं? मी सांगितल्यावर ती खुर्च्यांपुढं उभी राहून ओरडली, "कोमेद!" आणि दोघी मदर खरोखर मुकाट्यानं जेवू लागल्या.

सिस्टरबाई जाऊन आल्या. माहेर कसं होतं विचारलं तर म्हणाल्या, "लई चांगलं. पण तिकडं समदी हळू बोलत्यात. माझा भाऊ मला म्हणाला, तू सारकी भांडतीस का?" दुसऱ्या दिवसापासून दवाखाना सुरू.

पुढची काही वर्षं त्या चालत्या-फिरत्या होत्या. मग पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि त्यानंतर डोक्यातलं एकेक निसटत गेलं. केरळच्या सिस्टर होत्याच, पण उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं गावातल्या बायकांनी पाळीनं वाटून घेतलं होतं. त्यासाठी बैठक बसली नाही की कुणी नेमलं नाही. चिखल्यांवाली म्हातारी तोवर गेली होती, तिची सून यायची. तिनंच माझ्या ऑफिसात फोन केला. "सिस्टरबाय आमच्याशी बोलत न्हाईत. म्हंजे बोलत्यात, पण कळत न्हाय. तुमी या."

मराठी गेली होती, सगळीच्या सगळी. व्हय, न्हाय, पावणं, काहीही उरलं नव्हतं. मला त्यांनी ओळखलं नाही. मी खाटेशी बसून ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं, की त्या हुकूम देताहेत. हात धुवा. भांडू नका. गप्प बसा. घरभर पसरलेल्या भावंडांना. खोलीत बायका होत्या, त्या त्यांना भावंडं वाटत असाव्यात. मी प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगितला आणि बायकांनी तो पाठ करून टाकला, भराभर, गाणी पाठ करावीत तसा. त्यातल्या कितीजणींनी शाळेची पायरी चढली होती कुणास ठाऊक. पुढच्या रविवारी गेले तेव्हा सून मला सांगत होती, "काय्याद म्हणल्या की आमी गप बसतुया. हात धुवा म्हणल्या की खरंच धुतुया. मग शांत जेवत्यात."

शेवटचं मी त्यांना भेटले ती दुपार. बाहेर पाऊस कोसळत होता आणि सगळीकडे रोपलावण चाललेली, हातघाईचे दिवस. बायकांना रानात जायचं होतं, त्या इरली घेऊन उठल्या. सिस्टरबाईंनी डोळे उघडले. खूप हळू आवाजात, त्यांच्या तोंडून तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, त्या म्हणाल्या, "नो ओस बायाइस."

हे वाक्य बायकांना येत नव्हतं. सून माझ्याकडे वळली. "काय म्हणत्यात?"

"जाऊ नका म्हणतायत."

सुनेनं दारातून रानाकडे एकदा बघितलं. मग इरलं भिंतीला टेकवलं, खाटेच्या काठावर बसली आणि सिस्टरबाईंच्या कानाशी वाकून, त्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "न्हाय जात की. कुठं जानार आमी?" मागच्या बायकाही एकेक करून बसल्या.